वरची गोष्ट आणि खालची गोष्ट

त्याने ओतिलियाच्या पायावर चूळ टाकली, तिथून सगळं सुरू झालं.

मुद्दाम नाही टाकली बिचाऱ्याने. सिगारच्या कारखान्याच्या अंगणात, पाण्याच्या पिंपाशी उभा राहून तो घसा साफ करत होता. कोमट पाणी, लिंबू आणि चिमूटभर मीठ. मान मागे, डोळे मिटलेले, आणि घशातून असा काही गुरगुराट की पिंपावरची कबुतरंसुद्धा उडून गेली. तेवढ्यात डोक्यावर तंबाखूच्या पानांची टोपली घेऊन ओतिलिया कोपऱ्यावरून वळली आणि...

"अरे देवा! माफ करा सेन्योरिता, मला दिसलंच नाही —"

ओतिलियाने आधी आपल्या ओल्या चपलांकडे पाहिलं. मग त्याच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटाकडे. मग त्या कोटाच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोकळेपणाने पसरलेल्या त्याच्या कानांकडे.

"नवीन वाचक ना तुम्ही?"

"हो. एव्हारिस्तो. कालच निवड झाली माझी."

"मग छानच की. वाचकाच्या तोंडातून पहिल्या दिवशी जे बाहेर पडलं, ते सगळ्यांच्या आधी मला मिळालं."

त्याचे कान लाल झाले. हळूहळू नाही, दिवा लावावा तसे, एकदम. ओतिलिया हसू दाबत जिना चढून गेली, आणि टोपली डोक्यावर असताना मागे वळून बघता येत नाही याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

हवानाजवळच्या बेहुकाल गावात त्या काळी सिगारचे बरेच कारखाने होते. 'गोलोन्द्रिना' त्यातला मधल्या आकाराचा. वरच्या दालनात एकतीस पुरुष ओळीने बसून सिगार वळायचे. खालच्या दालनात त्रेचाळीस बायका पानांच्या मधल्या शिरा काढायच्या. वर, मधोमध, लाकडी मचाण होतं आणि त्यावर खुर्ची. त्या खुर्चीत बसून वाचकाने दिवसभर वाचायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. हात कामात आणि कान गोष्टीत. कुठली कादंबरी वाचायची ते सिगार वळणारे मत देऊन ठरवायचे, वाचकसुद्धा तेच निवडायचे. वाचन आवडलं की पानं कापायचं पातं समोरच्या फळीवर टकटक वाजवायचे. नाही आवडलं तर पातं खाली जमिनीवर टाकून द्यायचे. तो एक खणकन आवाज ऐकून चांगल्या चांगल्या वाचकांना घाम फुटलेला होता.

एव्हारिस्तो दिसायला किरकोळ होता, पण आवाज असा की दालनाच्या चारी भिंतींना जाऊन टेकायचा. फक्त खाली पोहोचायचा नाही. मध्ये जाड फळ्यांची जमीन होती, आणि बायकांच्या कानावर नुसता घुमारा यायचा, लांबच्या देवळातल्या प्रवचनासारखा.

म्हणून खालच्यांची सगळी भिस्त ओतिलियावर.

शिरा काढलेली पानं वर पोहोचवायचं काम तिचं होतं. दुपारच्या तीन खेपा. म्हातारा आम्ब्रोसिओ टोपलीतली पानं उलटीपालटी करून बघायचा, सावकाश मोजून घ्यायचा, तोवर ती तिसऱ्या खांबाला टेकून ऐकायची. तेवढं ऐकून खाली आली की बायका हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "सांग!"

आणि ती सांगायची.

आता दुपारभराच्या गोष्टीतले तीन तुकडे कानावर पडले तर मधलं कसं कळणार? मधलं ओतिलिया स्वतः भरायची. सुरुवातीला जपून, भाजीत मीठ घालावं तसं. मग बायकांनाच चव लागली.

कादंबरी होती चार जाडजूड खंडांची. त्यात एलोदिया नावाची एक अनाथ सुंदरी, तिच्यावर जीव टाकणारा एक खलाशी, आणि दोघांच्या मुळावर उठलेला सरदार बाल्तासार. या सरदारावर खालच्या दालनाचा फार राग. त्यातही दोन्या ब्रिहिदाचा जास्त. ही खालच्या बायकांतली सगळ्यात वडील, म्हणून सगळ्यांची 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब. चाळीस वर्षं पानांच्या शिरा काढून तिची बोटं तपकिरी झाली होती, आणि तिच्या शब्दाबाहेर त्या दालनात माशीसुद्धा बसत नसे.

"हा मेला मरत का नाही गं?" एक दिवस तिने विचारलं. "सहा महिने झाले, त्या पोरीला छळतोय."

"मरेल की, दोन्या."

"कधी? मी मेल्यावर?"

वर तर सरदार खुशाल जेवत होता. पण ब्रिहिदाचा चेहरा बघून ओतिलियाला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने सरदाराच्या घशात माशाचा काटा अडकवला.

"त्रास झाला ना त्याला मरताना?" ब्रिहिदाने विचारलं.

"तीन दिवस, दोन्या."

"मग ठीक आहे."

कितीही नालायक असला तरी बाप्तिस्मा झालेला माणूस, म्हणून ब्रिहिदाने त्याच्यासाठी नऊ दिवस मेणबत्ती लावून प्रार्थना केली. दहाव्या दिवशी खालच्या दालनाने एलोदियाचं खलाशाशी लग्न लावून दिलं. ब्रिहिदाने घरून पेरूच्या वड्या आणि चीज आणलं. नियेव्हेस नावाची लठ्ठशी, हसरी बाई तर नवरीच्या आठवणीने रडली. त्रेचाळीस बायकांनी बोटं चाटत वऱ्हाडाचं जेवण उरकलं.

वरच्या कादंबरीत त्या दिवशी एलोदियाला सरदाराने मठात कोंडून ठेवलं होतं.

ओतिलियाला एका गोष्टीचं नवल वाटायचं. आपण कधीही वर गेलो तरी गोष्ट ऐन रंगात कशी असते? खांबाला टेकलं रे टेकलं की कोणीतरी पत्र फोडायचं, कोणीतरी तलवार उपसायचं. आपलं नशीबच चांगलं, असं ती समजायची. एव्हारिस्तो वाचता वाचता चष्म्याच्या वरून एकदा तिसऱ्या खांबाकडे बघायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि कान लाल करून पुढे वाचायचा. जिन्यात गाठ पडली की तो भिंतीला चिकटून वाट द्यायचा.

"आज चूळ नाही?" ती विचारायची.

"तुम्ही यायच्या आधीच भरून घेतली," तो म्हणायचा.

इतकंच. दीड वर्षात जिन्यातलं बोलणं याच्या पुढे दोन पायऱ्यासुद्धा चढलं नाही. हातात पुस्तक असलं की राजे, सरदार, नट्या, सगळ्यांच्या तोंडी बोलणारा हा माणूस पुस्तक मिटलं की मिटूनच जायचा.

मग एका गुरुवारी यंत्र आलं.

मुकादम सेन्योर लिबोरिओने हवानाहून खोकं आणवलं होतं. वर मचाणावर मायक्रोफोन, आणि दोन मोठे कर्णे: एक वर, एक खाली. खालचा कर्णा नेमका देवमातेच्या, कोब्रेच्या माउलीच्या, तसबिरीच्या वर ठोकला.

"माउलीच्या डोक्यावर हे धोत्र्याचं फूल कोणी लावलं?" ब्रिहिदाने विचारलं.

"दोन्या, ही प्रगती आहे," लिबोरिओ म्हणाला. "सोमवारपासून वाचकाचा आवाज तुम्हालाही ऐकू येणार. अगदी जसाच्या तसा. शब्दन् शब्द!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नियेव्हेसने ओतिलियाच्या पाठीवर थाप मारली. "सुटलीस गं! आता घसा कोरडा करायला नको तुला."

ओतिलियाच्या हातातली टोपली खाली पडली.

शब्दन् शब्द! म्हणजे सोमवारी सरदार बाल्तासार थडग्यातून उठणार. लग्न मोडणार. आणि ज्या बायकांनी तिच्या शब्दावर मेणबत्त्या लावल्या, वड्या खाल्ल्या, डोळे पुसले, त्यांना कळणार की ही पोरगी दीड वर्ष आपल्याला बनवत होती. आई गेल्यापासून ओतिलियाला घर असं एकच होतं: टोपली घेऊन खाली यायचं आणि बेचाळीस तोंडांनी "सांग!" म्हणायचं. तेच घर सोमवारी जाणार होतं.

शुक्रवारी तिने एव्हारिस्तोला जिन्यात गाठलं.

"तुमच्याकडे एक काम होतं."

"बोला ना."

"एका माणसाला मारायचंय."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणाला?"

"सरदार बाल्तासारला. सोमवारच्या आत. माशाचा काटा चालेल."

मग तिला सगळं सांगावं लागलं. काटा, तीन दिवस, नऊ मेणबत्त्या, लग्न, खलाशाच्या आईचा नाराजीचा प्रसंग, हनिमूनला जहाजावर एलोदियाला झालेली मळमळ... एव्हारिस्तो आधी उभा राहून ऐकत होता, मग पायरीवर बसला. जेवणाची सुटी संपत आली तरी त्याचा डबा तसाच. खलाशाच्या आईपाशी तो इतका हसला की त्याला उचकी लागली.

"आणि ती सासू? पुढे काय करते ती?"

"ते अजून ठरलं नाही."

"ठरवा ना. मला आज झोप यायची नाही."

"मग मारता का त्याला?"

त्याचं हसू विझलं. "नाही जमणार हो. वाचकाने पदरचं काही घालायचं नसतं. वर मतं देऊन निवडलेलं पुस्तक आहे. आम्ब्रोसिओला अक्षर वाचता येत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतो. एकदा मी एक शब्द बदलला की मग कुठला खरा आणि कुठला माझा, हे त्याला कसं कळणार?"

"तुम्ही कधी छापलेल्या शब्दाबाहेर काही बोलतच नाही का?"

त्याने डब्याचं झाकण उघडून परत लावलं. "बोलायचं असतं... पण शब्द कुठे लिहिलेले नसले की माझी जीभ अडते."

"मग राहू द्या," ओतिलिया म्हणाली आणि रिकामी टोपली काखेत मारून निघून गेली. रागात होती, म्हणून तिने मागे वळून पाहिलं नाही. नाहीतर आज डोक्यावर ओझं नव्हतं.

सोमवार उजाडला. सकाळभर यंत्र लिबोरिओच्याच ताब्यात. "हॅलो, हॅलो," तो फुंकर मारत म्हणाला. मग, "तिसऱ्या बाकावर बडबड कमी." मग, "नियेव्हेस, तिसऱ्यांदा सांगतो, गप्पा पुरे." मचाणावरच्या खुर्चीतून न उठता दोन्ही मजल्यांवर ओरडता येतं हे कळल्यावर तो माणूस खुशीत वेडा व्हायचा बाकी राहिला होता. वर सिगार वळणारे वैतागले. एव्हारिस्तो वर्तमानपत्र वाचत असताना ते नेहमी मध्येच ओरडून विचारायचे, टोमणे मारायचे, वाद घालायचे. आता कर्ण्यापुढे कोणाचं काही ऐकूच येईना.

दुपारी खालच्या कर्ण्यात खरखर झाली. आणि मग...

ओतिलियाच्या हातातलं पान तसंच राहिलं. एव्हारिस्तोचा आवाज असा कानाशी कधी आलाच नव्हता. पान उलटल्याचा आवाज. आत घेतलेला श्वास. त्याने आवंढा गिळला तोसुद्धा तिला ऐकू आला. भीतीने की कशाने कोण जाणे, तिनेही गिळला.

"'हाऽ हाऽ हाऽ!'" कर्णा म्हणाला. "'आता कोण वाचवणार तुला?' सरदार बाल्तासार हसत पुढे आला."

बायका कर्ण्याकडे बघू लागल्या.

"हा कोण हसला?" नियेव्हेसने विचारलं.

दोन्या ब्रिहिदा उभी राहिली. माउलीच्या तसबिरीकडे, मग तिच्या डोक्यावरच्या कर्ण्याकडे बघत तिने छातीवर क्रूस काढला. चेहरा पांढराफटक.

"माउली!" ती कुजबुजली. "नऊ दिवस मी जरा जास्तच मनापासून प्रार्थना केली गं!"

"उठला! मेलेला उठला!"

"थांबा हो, वाचकसाहेब! परत सांगा!" नियेव्हेस कर्ण्याकडे बघून ओरडली.

कर्णा थांबला नाही. तो सांगत राहिला की एलोदिया मठात आहे, कुमारिका आहे, आणि खलाशी दोन वर्षांपूर्वीच समुद्रात बुडालाय.

"अगं, हा नुसता बोलतोय! ऐकत नाही!" एक बाई रडकुंडीला आली. ओतिलिया असती तर थांबली असती, मागचं परत सांगितलं असतं, नाक शिंकरायला वेळ दिला असता. हे फूल नुसतं ओकत होतं.

आणि मग, एकेक करत, बेचाळीस माना ओतिलियाकडे वळल्या.

"वर चला," ब्रिहिदा म्हणाली. "त्याच्या तोंडूनच ऐकू. फुलाला विचारण्यात अर्थ नाही."

कारखाना सुरू झाल्यापासून टोपलीवालीखेरीज खालच्या बायका वरच्या दालनात कधी गेल्या नव्हत्या. ओल्या पानांच्या वासाने भरलेले एप्रन, तपकिरी बोटं, सगळा ताफा जिना चढून आला तशी एकतीस पाती हवेत थांबली. लिबोरिओ म्हणाला, "अहो पण काम..." त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

"वाचकसाहेब," ब्रिहिदा मचाणाखाली उभी राहिली. "तुमचा माझा परिचय नाही. पण एक सांगा. सरदार बाल्तासार मेला की नाही मेला?"

एव्हारिस्तोने पुस्तकाकडे पाहिलं. मग सगळ्यात मागे, तिसऱ्या खांबाशी उभ्या ओतिलियाकडे. तिचे हात टोपलीच्या काठावर घट्ट आवळलेले. त्याचे कान लाल झाले, मग जांभळे.

"त्याचं असं आहे, दोन्या..." त्याने ओठ ओले केले. "काही... काही प्रतींमध्ये तो... म्हणजे माशाचा..."

खोटं बोलत होता! छापलेल्या अक्षराबाहेर न जाणारा हा माणूस, आम्ब्रोसिओच्या समोर, तिच्यासाठी, आणि किती वाईट खोटं! आपलं घर वाचवायला त्याचं घर मोडू द्यायचं?

"नाही," ती म्हणाली. "राहू द्या. तुम्हाला जमत नाहीये ते." आणि टोपली खाली ठेवली. "दोन्या, सरदार मेला नाही. मी मारला. लग्न झालं नाही. मी लावलं. वरचं थोडंसं ऐकू यायचं, बाकी सगळं माझ्या मनाचं. दीड वर्ष."

ओतिलिया जमिनीकडे बघत होती. आता पातं पडणार, खणकन.

"म्हणजे," ब्रिहिदा सावकाश म्हणाली, "लग्न झालंच नाही?"

"नाही, दोन्या."

"मी पेरूच्या वड्या केल्या त्याचं काय?"

"दोन्या —"

"सबंध दालन जेवलं! नियेव्हेसने तर चार वड्या खाल्ल्या!"

"तीन," नियेव्हेस म्हणाली.

"चार! ज्या लग्नाच्या वड्या मी स्वतः थापल्या, ते लग्न झालं नाही असं माझ्या तोंडावर सांगायची कोणाची छाती आहे?" ती मचाणाकडे वळली. "तुमच्या त्या पुस्तकाची? त्याला काय माहीत? ते जेवायला होतं का?"

आम्ब्रोसिओ खोकला. "पोरी, सरदार कसा मेला म्हणालीस?"

"माशाचा काटा लागून."

"किती दिवस?"

"तीन."

आम्ब्रोसिओने विचार केला. मग पातं उचललं आणि फळीवर एकदा वाजवलं. टक. शेजाऱ्याने वाजवलं. मग सगळ्या दालनाने, नाताळच्या मिरवणुकीतले ढोल कडाडावे तसं. वरचे पुरुषही त्या सरदाराला कंटाळलेच होते की.

"हिची गोष्ट आम्हाला पाहिजे," ब्रिहिदा म्हणाली. "मत घ्या."

"मत सिगार वळणाऱ्यांचं असतं," लिबोरिओ म्हणाला.

"नाही," आम्ब्रोसिओ म्हणाला. "ज्याच्या कानावर वाचन पडतं, त्याचं मत. पहिल्यापासून असंच आहे. यांच्या कानावर पडत नव्हतं म्हणून यांचं नव्हतं."

"आता पडतंय," ब्रिहिदा म्हणाली आणि कर्ण्याकडे बोट दाखवलं. "तुम्हीच लावलंत ना, सेन्योर लिबोरिओ? प्रगती?"

त्रेचाळीस हात वर गेले. नंतर पुरुषांचे मोजायचीही गरज नव्हती. ठरलं: रोज शेवटचा अर्धा तास खालची गोष्ट, ओतिलियाच्या तोंडून, मचाणावरून. आणि तिच्या हट्टापायी आणखी एक ठरलं: आधी सांगायचं की हे पुस्तकातलं नाही. म्हणजे आम्ब्रोसिओला कळेल, कुठलं कोणाचं.

मंगळवारी ती मायक्रोफोनपुढे बसली आणि तिची वाचाच गेली. समोर तिच्या बायका नव्हत्या, नुसती त्या यंत्राची जाळी होती. जाळीला ना भुवया, ना डोळे. तिने कसंबसं एक वाक्य सांगितलं आणि सवयीने थांबली. "पुढे सांगू?"

कर्ण्यातून उत्तर कसं येणार? पण पायाखालची जमीन दणाणली. फळ्यांच्या फटींतून, बेचाळीस गळ्यांतून: "सांऽऽग!"

एव्हारिस्तो मचाणाच्या पायरीवर बसून ऐकत होता. त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "लिंबू घातलंय," तो म्हणाला. "चूळ पलीकडे टाका."

शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं. पूर्वी पावसात वाचन बंद व्हायचं. पत्र्यावरच्या त्या ताशांपुढे कोणाचाही आवाज टिकायचा नाही. आता यंत्र होतं. एव्हारिस्तोचं वाचन संपलं, तो पाणी आणायला गेला आणि ओतिलिया खुर्चीत बसून सहज त्याचं पुस्तक चाळू लागली.

समासात पेन्सिलीने काहीतरी काढलेलं होतं. बोटाच्या नखाएवढं. टोपली.

तिने पान उलटलं. आणखी एक टोपली. दहा पानांपुढे आणखी. प्रत्येक टोपलीपाशी कोणीतरी पत्र फोडत होतं, तलवार उपसत होतं, चुंबन घेत होतं. आणि प्रत्येक टोपलीपासून मागे एक बारीक बाण होता: इथून परत वाचायचं.

नशीब नव्हतं तर ते! दीड वर्ष हा माणूस तिची चाहूल लागली की पानं मागे उलटत होता...

तो पेला घेऊन आला तेव्हा ओतिलियाचं बोट त्या टोपलीवर होतं. त्याने ते पाहिलं. पेला मचाणाच्या पायरीवरच ठेवून दिला. तिने मायक्रोफोन सुरू केला.

"हे पुस्तकातलं नाही," तिने सुरुवात केली. "एका गावात देवळाची घंटा वाजवणारा एक माणूस होता. त्या गल्लीतून रोज एक पाववाली जायची. तिला आवडायचा तो घंटेचा नाद. पण गल्ली लहान, नाद थोडा. म्हणून ती दिसली की हा वेडा दोन ठोके जास्त वाजवायचा. सगळ्या गावाची घड्याळं चुकली, पण हा कबूल होईना. एक दिवस पाववालीने घंटेच्या दोरीला बांधलेल्या गाठी मोजल्या आणि तिला कळलं. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आणि मग तो म्हणाला..."

ती थांबली.

"सांऽऽग!" जमीन दणाणली.

"काय म्हणाला ते मला माहीत नाही," ओतिलिया म्हणाली. "इथून पुढचं माझ्याकडेही नाही." आणि तिने मायक्रोफोन त्याच्याकडे वळवला.

एव्हारिस्तोने पुस्तकाकडे हात नेला. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मी..." दोन्ही दालनांत त्याचा श्वास ऐकू आला. "हे... हे कुठे छापलेलं नाही, त्यामुळे नीट वाचता येत नाहीये."

कोणी हसलं नाही.

"तू टोपली घेऊन यायचीस ना, ओतिलिया —"

"'तू' म्हणाला!" खालून नियेव्हेसची किंकाळी.

"— तेव्हा मी मागचं परत वाचायचो. तुझं काही चुकू नये म्हणून. कोणाला कळलं नाही —"

"आम्हाला सगळ्यांना कळलं होतं!" आम्ब्रोसिओ ओरडला. "एका कादंबरीला दीड वर्ष लागतं का रे? मी पानं मोजून मोजून दमलो!"

म्हणजे टोपली सावकाश रिकामी करणारा म्हातारासुद्धा... ओतिलियाने तोंडावर हात धरला.

"म्हणून मला विचारायचं होतं," एव्हारिस्तोचे कान आता कंदिलासारखे पेटले होते, "की संध्याकाळी सुटल्यावर तू माझ्याबरोबर चालत येशील का. घरी. म्हणजे माझ्या घरी. म्हणजे... नुसतं आज नाही. म्हणजे कायमच... म्हणजे —"

"लग्न म्हण रे, लग्न!" फळ्यांखालून दोन्या ब्रिहिदाचा आवाज आला.

"लग्न," एव्हारिस्तो म्हणाला.

पाती फळ्यांवर आपटायला उचलली गेली आणि हवेत थांबली, कारण उत्तर अजून यायचं होतं. ओतिलिया त्याच्याकडे झुकली. मग तिचा हात पुढे आला आणि तिने यंत्राचं बटण पिरगाळलं.

खट.

पत्र्यावर एव्हाना पाऊस नुसता कोसळत होता. वरच्या पुरुषांना ओठ हललेले दिसले. काही क्षण. मग एव्हारिस्तोने चष्मा काढला, आणि तो पुसायचंच विसरून गेला. शब्द एकही कोणाच्या हाती लागला नाही.

खाली दोन्या ब्रिहिदा मुक्या कर्ण्याकडे बघत हात झटकत होती. "बघा! ऐन वेळी बसलं ना? तरी मी सांगत होते, माउलीच्या डोक्यावर ते फूल नको!"

अंगणातल्या जिन्यावर पावलं वाजली. ओतिलिया आली. काखेत रिकामी टोपली, केसांवर पावसाचे थेंब, आणि गाल असे की कर्ण्याची काही गरजच नव्हती. बेचाळीस बायकांनी हातातली पानं खाली ठेवली.

"सांग!"

ओतिलियाने टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसली, पूर्वी बसायची तशी.

"खरं सांगू, दोन्या, की चांगलं सांगू?"

ब्रिहिदाने तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"खरं दिसतंय," ती म्हणाली. "तू चांगलं सांग. आणि घाई करू नकोस. मला वड्यांचं बघायला वेळ लागेल."